सण एक दिवसाचा, व्याज वर्षाचें

(नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत नाताळाच्या आधीं भरलेल्या कष्टकरी बायांच्या सभेंत, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीनें केलेलें भाषण.)



मी व्याख्यान देणारी बाई नव्हे. मशीनवर बसून ब्लाऊज शिवणें हें माझें काम, आणि बचत गटाची वही लिहिणें हें दुसरें. तेव्हां मला शास्त्र विचारूं नका, हिशेब विचारा. आज मी तुमच्यापुढें माझ्या स्वतःच्या घरचा हिशेब मांडणार आहें. त्यांत लाज वाटण्याजोगें पुष्कळ आहे. पण लाजेनें झांकलेलें गळूं पिकतें, हें तुम्हां सर्वांना ठाऊक आहे.

या सभेंत आम्ही ख्रिस्ती बाया आहों, तशाच माळी, मराठा, धनगर, बौद्ध आणि मुसलमान भगिनीही आहेत. मी नाताळाविषयीं बोलेन. ज्यांचा नाताळ नाहीं त्यांनीं त्या जागीं दिवाळी घालावी, ईद घालावी, जत्रा घालावी, मुलीचें लग्न घालावें. नांव बदलेल, वही बदलणार नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करतें. गरिबाला कर्ज झालें कीं शहाणी माणसें म्हणतात, “यांना उधळपट्टी नडली, सण आणि लग्नें नडलीं.” ही गोष्ट आजची नाहीं. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे व खतें जाळलीं, आणि तो वणवा आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत आला. तेव्हांही साहेबलोक हेंच म्हणत होते. पण त्या दंग्याच्या चौकशीसाठीं सरकारनेंच नेमलेल्या मंडळानें लिहिलें कीं, लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें जातें. पुढें 1879 सालीं शेतकऱ्यांना सावकाराच्या कचाट्यांतून थोडेंबहुत सोडविणारा कायदा झाला. आणि जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविलें कीं, कुणब्याच्या कर्जाचें मूळ त्याच्या ताटांतल्या पुरणपोळींत नाहीं. तें सारा, पट्टी, कोर्टकचेरी, कारकुनाची लांच आणि भटभिक्षुकांचें देणें यांत आहे.

म्हणून मी तुम्हांला “काटकसर करा” असा फुकटचा उपदेश करायला आलेली नाहीं. ज्याच्या घरीं पाऊस पडला नाहीं, ज्याच्या कांद्याला भाव मिळाला नाहीं, ज्याची म्हातारी दवाखान्यांत पडली, त्याला काटकसर सांगणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणें होय. (हंशा.) मजुरी वाढली पाहिजे, दवाखाना स्वस्त झाला पाहिजे, आणि त्यासाठीं झगडलें पाहिजे. परंतु तो झगडा पुरा होईपर्यंत दर महिन्याचें व्याज थांबत नाहीं. कर्जाचीं दहा कारणें असतील, त्यांतलीं नऊ आपल्या हातीं नसतील; तरी जें एक आपल्या हातीं आहे तें कां सोडावें?

आतां माझ्या घराकडे वळतें. आमचे यजमान भाड्याचा टेम्पो चालवितात. त्यांची महिन्याची कमाई 14,000 रुपये धरा, माझी 4,000. घरांत सासूबाई, दोन मुलें आणि आम्ही दोघें. एक दीर पुण्याला, एक नणंद श्रीरामपुराकडे दिलेली.

पांच वर्षांमागें आम्हीं नाताळ केला. नणंदेच्या लग्नानंतरचा तो पहिला नाताळ. जांवई येणार, व्याही येणार, पुण्याचे भाऊजी सहकुटुंब येणार. सर्वांचे कपडे 9,000, आहेर 5,000, मटण आणि करंज्या-शंकरपाळ्यांचें सामान 5,000, केक, चांदणी व रोषणाई 1,500, येणें-जाणें व किरकोळ 1,500. एकूण 22,000 झाले. घरांत होते 2,000. बाकीचे 20,000 गांवांतल्या एका गृहस्थाकडून शेंकडा 5 रुपये महिना व्याजानें आणले. त्याच हातीं टेम्पोच्या टायरांसाठीं आणखी 10,000 घेतले. असे 30,000 झाले. त्यानें यजमानांची सही घेऊन एक कोरा चेक ठेवून घेतला. चिठ्ठी नाहीं, पावती नाहीं. “घरचेच आहांत,” असें वर म्हणाला.

नाताळ थाटाचा झाला. रात्रीं गाणीं म्हणत तरुण मंडळी आली, त्यांना आम्हीं चहा नव्हे, जेवणच घातलें. मंडळींत लोक म्हणाले, “नांव काढलं.” मलाही बरें वाटलें, खोटें कशाला बोलूं?

मग वर्ष सुरू झालें. 30,000 ला महिना 1,500 व्याज. बारा महिन्यांचें 18,000 आम्हीं भरलें, आणि मुद्दलांतला एक रुपयाही हलला नाहीं. नुसत्या सणाच्या 20,000 चें व्याज 12,000 झालें. म्हणजे 22,000 चा नाताळ वर्षभरांत आम्हांला 34,000 ला पडला, आणि त्यांतले 20,000 डोक्यावर तसेच राहिले. करंज्या एका आठवड्यांत संपल्या. व्याज बाराही महिने खात होतें.

दुसरा नाताळ जवळ आला. नोव्हेंबरांत मीं बायकांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून 40,000 उचलले होते. त्यांतून दवाखाना आणि मागचे थकलेले हप्ते भागविले. घरांत पुन्हां तीच बोलणीं सुरू झालीं: यंदा कोणाला काय घ्यायचें. तेव्हां डिसेंबरच्या पहिल्या रविवारीं, उपासनेहून आल्यावर, मीं मुलाची शंभर पानी वही घेतली आणि सर्वांना बसवून देणें वाचलें. सावकाराचे 30,000. कंपनीचे 40,000. नणंदेच्या लग्नांत सासूबाईंची बोरमाळ पतसंस्थेंत ठेवून काढलेले 50,000. किराणा दुकानाची उधारी 8,000. बेरीज 1,28,000.

कोणी बोलेना. आणि मग मला पांचवी ओळ वाचावी लागली. ती मीं कोणाला सांगितली नव्हती. फोनवरच्या एका ॲपवरून मीं 5,000 चें कर्ज घेतलें होतें, मुलीच्या झग्यासाठीं आणि केकसाठीं. हातांत पडले 3,900, फेडायचे 5,000, आणि तेंही एका महिन्यांत. यजमानांनीं माझ्याकडे पाहिलें. ते रागावतील असें वाटलें. पण ते खालीं मान घालून म्हणाले, “मी पण दुकानदाराचं खरं सांगितलं नव्हतं. आठ म्हणालो, पण तीन हजार गेल्या महिन्यांत घेतलेत, टेम्पोच्या मालकाला द्यायला.” तीं तीन हजार त्या आठांतच होतीं, हें खरें, पण मला तीं किराण्याचीं वाटत होतीं. एका छपराखालीं राहून आम्ही दोघें दोन वह्या चालवीत होतों. भगिनींनो, जेथें नवराबायकोच्या दोन वह्या असतात, तेथें तिसरी वही सावकाराची असते, आणि तीच खरी ठरते.

मीं म्हटलें, यंदा आहेर नाहीं, नवे कपडे फक्त दोन मुलांना, आणि सगळा सण 3,500 रुपयांत. सासूबाई चवताळल्या. “मंडळींत नाक कापलं जाईल. जांवयाच्या हातावर काय ठेवूं? लोक काय म्हणतील?”

आतां येथें मला थोडें थांबून बोलायचें आहे. आमच्यापैकीं पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा महार-मांग वाड्यांतून ख्रिस्ती झाले. नगरास मिशन 1831 सालीं आलें. लोक ख्रिस्ती कां झाले याचीं अनेक कारणें असतील, पण माणूस म्हणून ताठ उभें राहतां यावें हें त्यांतलें एक होतें. पत्रिका, मुहूर्त, शांत, दक्षिणा हीं सारीं त्यांनीं टाकलीं. जोतीरावांनीं आणि सत्यशोधक मंडळीनें तेंच दुसऱ्या वाटेनें केलें. 1873 सालच्या 24 सप्टेंबरला समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीं 25 डिसेंबरला पुण्यांत पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटाशिवाय, थाटाशिवाय. 1927 सालीं त्याच 25 डिसेंबरला महाडास बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहांत मनुस्मृति जळाली. म्हणजे ज्या दिवशीं आपण कर्ज काढून करंज्या तळतों, तो दिवस या देशांत देणीं झुगारण्याचा दिवस आहे!

पण झालें काय? भटजी दारांतून गेले आणि त्यांची दक्षिणा मागच्या दारानें परत आली. आज ती मागणारा भटजी “लोक काय म्हणतील” हा आहे. याला जात नाहीं, धर्म नाहीं, जानवें नाहीं. हा देवळांत असतो, मशिदींत असतो, आमच्या मंडळींतही पुढच्या बांकावर बसलेला असतो. जुना भटजी निदान दक्षिणा घेऊन निघून तरी जाई. हा बारा महिने घरांत मुक्काम करतो. आणि शेटजीही गेला नाहीं. तो आतां खिशांतल्या फोनांत बसला आहे, आणि रात्रीं बारालाही दुकान उघडें ठेवतो.

माझ्या सासूबाईंना मीं हें व्याख्यान दिलें नाहीं. मीं फक्त त्या वहींतला एक आंकडा त्यांना पुन्हां वाचून दाखविला: वर्षांत व्याज 18,000, मुद्दल जसेंच्या तसें. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या लग्नाला बापानं कर्ज काढलं, आणि दोन सालं पाटलाच्या वाड्यावर सालगडी राहिला. मी सासरी नवं लुगडं नेसून बसले होते, आणि माझा बाप शेण काढीत होता. हे मला कोणी सांगितलं नाही. तो मेल्यावर कळलं.” एवढें बोलून त्यांनीं स्वतःच सांगितलें, “मला साडी नको. जांवयाला मी बोलते.”

त्या बोलल्या. पण सगळें गोड झालें असें समजूं नका. नणंद रुसली. त्या नाताळास ती आली नाहीं, आणि पुढें आठ महिने बोलली नाहीं. पुण्याच्या भाऊजींनीं मात्र उलट सांगितलें कीं, “वहिनी, आमचेही हप्तेच चालले आहेत, पण तुमच्याकडे यायचं म्हणून मीही कर्ज काढूनच आहेर आणीत होतो.” पाहा कसा न्याय आहे! त्यांनीं आमच्यासाठीं कर्ज काढावें, आम्हीं त्यांच्यासाठीं. आणि दोघांचेंही व्याज तिसऱ्यानें खावें.

आतां फेडलें कसें तें सांगतें, कारण नुसतें रडगाणें ऐकायला तुम्ही आलेल्या नाहींत.

पहिली गोष्ट, कोणतें कर्ज आधीं फेडायचें? पुष्कळ बाया म्हणतात, जें मोठें तें आधीं. कोणी म्हणतात, जो दारांत येऊन ओरडतो त्याचें आधीं. दोन्ही चूक. ज्याचें व्याज सर्वांत जड, तें आधीं. ॲपचे 5,000 मीं शिलाईची आगाऊ रक्कम घेऊन ताबडतोब तोडले. मग सावकार. शेंकडा 5 महिना म्हणजे वर्षाला शेंकडा 60. पतसंस्थेचें सोनेतारण वर्षाला शेंकडा 12. पांचपट फरक! सोन्याची ओढ मोठी असते, बोरमाळ आधीं सोडवावी असें वाटतें; पण बोरमाळ महिन्याला 500 खात होती आणि सावकार 1,500.

जानेवारींत मीं आमच्या बचत गटांतून 30,000 घेतले. व्याज शेंकडा दीड महिना, तेंही उरलेल्या मुद्दलावर. गटाच्या चार बाया बरोबर घेऊन आम्ही त्या गृहस्थाकडे गेलों. पैसे त्याच्यापुढें ठेवले आणि कोरा चेक मागितला. “सांपडत नाहीं, मागून देईन,” असें तो म्हणाला. आम्ही पांचजणी तेथेंच ओट्यावर बसलों. तासाभरानें चेक सांपडला. (टाळ्या.) तो तेथेंच फाडला आणि पैसे मिळाल्याचें त्याच्याकडून लिहून घेतलें. एकटी बाई गेली असती तर चेक आजही सांपडला नसता.

आतां गणित नीट ऐका. सावकाराला आम्ही महिना 1,500 देत होतों. तेच 1,500, एक रुपया कमी नाहीं, जास्त नाहीं, आम्हीं गटाला देऊं लागलों. पहिल्या महिन्यांत व्याज झालें 450, म्हणून 1,050 मुद्दलांत गेले. दुसऱ्या महिन्यांत व्याज त्याहून कमी, मुद्दल त्याहून जास्त. असें करीत 24 महिन्यांत 30,000 चें सगळें कर्ज फिटलें. व्याज सारें मिळून 6,000 च्या आंत. सावकाराकडेच राहिलों असतों, तर त्याच 24 महिन्यांत 36,000 देऊन 30,000 तसेच उभे असते. आमची कमाई वाढली नव्हती. हप्ता वाढला नव्हता. फक्त पैसा कोणाच्या दारांत जातो, तें बदललें.

कंपनीचा हप्ता महिना 2,115 होता. तो दोन वर्षांत संपला. दुकानदाराला दरमहा 500 दिले, 16 महिन्यांत तोही मोकळा. मग गटाचे 1,500, कंपनीचे 2,115 आणि सोन्याच्या व्याजाचे 500 एकत्र करून 4,115 आम्हीं पतसंस्थेंत भरूं लागलों. जो हप्ता संपतो तो पैसा संसारांत विरघळूं द्यायचा नाहीं, दुसऱ्या कर्जावर घालायचा, ही दुसरी गोष्ट. तोंवर सोन्याच्या कर्जाचें आम्ही दर वर्षीं नुसतें नवें-जुनें करीत होतों. असे भरल्यावर तेरा महिन्यांत तें जवळजवळ संपलें, आणि यंदाच्या फेब्रुवारींत राहिलेली चिल्लर भरून सासूबाईंची बोरमाळ घरीं आली. सासूबाईंनीं ती गळ्यांत घातली, आरशांत पाहिली, आणि परत डबींत ठेवून म्हणाल्या, “आतां ही कोणाच्या लग्नाला बाहेर जायची नाही.”

तिसरी गोष्ट, सण बंद करूं नका. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक दिवस गोड खाण्याचा हक्क आहे. मुलांनीं शेजारच्या घरचा केक खिडकींतून पाहावा असें मी कधींच म्हणणार नाहीं. आम्ही जानेवारीपासून दरमहा 500 रुपये सणाच्या भिशींत टाकतों. डिसेंबरांत 6,000 होतात. सण त्या सहा हजारांचा. सहा हजार एकचा नव्हे. आधीं साठवून केलेला सण 25 तारखेला संपतो. उसना घेतलेला त्या दिवशीं सुरू होतो.

चौथी गोष्ट, नातलगांना डिसेंबरच्या चोवीस तारखेला “नाहीं” म्हणूं नका, नोव्हेंबरांत सांगा. ऐनवेळचा नकार अपमान वाटतो, आगाऊ सांगितलें तर समोरचाही मोकळा होतो. नणंदेच्या बाबतींत माझी चूक हीच झाली. तिला मीं शेवटच्या आठवड्यांत, तेंही फोनवरून सांगविलें. स्वतः तिच्या घरीं जाऊन वही उघडायला हवी होती. गेल्या दोन नाताळांस ती येते, जेवते, हंसते. पण पूर्वीसारखी माझ्या खांद्यावर हात टाकीत नाहीं. हें एक देणें माझ्याकडे अजून बाकी आहे.

थोडें कायद्याचेंही सांगतें, कारण अज्ञान हेंच सावकाराचें खरें भांडवल. महाराष्ट्रांत 2014 सालचा सावकारीचा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणें हा गुन्हा आहे. ज्यांची जमीन अशा सावकारानें बळकावली असेल, त्यांनीं सहकार खात्याच्या निबंधकाकडे लेखी अर्ज करावा. चौकशी होऊन जमीन परत मिळण्याची सोय त्या कायद्यांत आहे. कंपन्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें 2022 सालीं नियम केले आहेत. गरीब घराला बिनतारण कर्ज देतांना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाऊं नयेत, आणि सकाळीं 9 च्या आधीं व सायंकाळीं 6 नंतर वसुलीचा तगादा लावूं नये. हप्ता थकला म्हणून शेजारणींसमोर शिव्या देण्याचा हक्क कोणालाही नाहीं. हें पाठ करा आणि मुलीलाही शिकवा.

शेवटीं आमच्या मंडळीला दोन शब्द. ज्याच्या जन्माचा आपण सण करतों, त्याच्या आईबापांना सराईंत जागा मिळाली नव्हती. बाळाला गव्हाणींत ठेवावें लागलें. त्याच्या नांवानें रोषणाईचें कर्ज काढणें हा त्याचा मान नव्हे. प्रभूच्या प्रार्थनेंत ऋण सोडण्याचा शब्द आहे. तो आपण दर रविवारीं मोठ्यानें म्हणतों. पण सावकार ती प्रार्थना म्हणत नाहीं, हें लक्षांत ठेवा. (हंशा.) आणि आमच्या वडील पाळकांना हात जोडून विनंति कीं, नाताळाच्या दानाचे आंकडे नांवासकट वाचून दाखवूं नयेत. ज्यानें 1,000 दिले त्याचें नांव वाचलें म्हणजे 50 देणारी विधवा पुढल्या वर्षीं 500 साठीं कर्ज काढते. मीं काढलेलें पाहिलें आहे.

एकट्या घरानें थाट सोडला तर त्याला कंगाल म्हणतात. साऱ्या गांवानें सोडला तर त्याला सुधारणा म्हणतात. म्हणून मी या सभेपुढें तीन ठराव मांडतें. एक, गाणीं म्हणणाऱ्या मंडळींना यंदापासून कोणत्याही घरानें चहापेक्षां जास्त देऊं नये. दोन, प्रीतिभोजन एकत्र व्हावें, आणि ज्यानें त्यानें आपल्या घरचें पीठ, डाळ, तेल ऐपतीप्रमाणें आणावें. कोणीं किती आणलें याची यादी करूं नये. तीन, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक गटानें सणाची भिशी सुरू करावी, मग तो सण कोणत्याही धर्माचा असो.

ज्यांना हे ठराव पसंत असतील त्यांनीं हात वर करावे. ज्यांच्या मनांत “लोक काय म्हणतील” असें येत असेल, त्यांनीं आधीं इकडेतिकडे पाहावें. ते लोक म्हणजे आपणच येथें बसलों आहों.

माझी वही मी येथें टेबलावर ठेवतें. ज्या भगिनीला पाहायची असेल तिनें पाहावी, आणि आज रात्रीं घरीं जाऊन आपली उघडावी.